सात नंबरचा जन्मदाखला

आमच्या गल्लीत मला ‘रॉकेटवाल्या अक्का’ म्हणतात. कोपऱ्यावरची भाजीवाली मला कोथिंबिरीची जुडी जरा ताजी काढून देते आणि दर चार दिवसांनी विचारते, “अक्का, वर गेल्यावर भ्या वाटलं न्हाय व्हय?” मी वर कधी गेले नाही. विमानातही एकदाच बसले, ती डोळे मिटून. रॉकेट पाहिलं ते मोबाइलवर, आणि त्या मोबाइलची काच फुटलेली होती. या अंकाच्या संपादकांना बहुधा भाजीवालीनंच गाठलं असावं, कारण त्यांनी फोनवर ‘अंतराळातले अनुभव’ मागितले. अंतराळातला माझ्याकडे एकही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, कारखान्यांच्या वस्तीतले आहेत, ते लिहिते. छापायचे तर छापा.

मी एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर होते. पोलिसातली नव्हे, मापाची. मशीनवर माल तयार झाला की तो माझ्या टेबलावर यायचा, मी मायक्रोमीटर लावायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचे. चूक असेल तर लाल चिठ्ठी. मुरगूडहून आयटीआय करून आलेली पोरगी चाळीस पुरुषांना लाल चिठ्ठ्या लावते म्हटल्यावर पहिल्या वर्षी माझ्या डब्यात कुणीतरी लोखंडाचा चुरा टाकला होता. दुसऱ्या वर्षी माझं नाव ‘रिजेक्ट अक्का’ पडलं. तिसऱ्या वर्षी मंडळी गप्प झाली, कारण मापाच्या खोलीला एसी लागला. मापाची खोली बारा महिने वीस अंशावर ठेवावी लागते, नाहीतर धातू फुगतो आणि माप खोटं येतं. मे महिन्यात त्या खोलीत माल दाखवायला येणाऱ्यांची रीघ लागायची. एका वॉशरबरोबर तीन तीन माणसं यायची.

आम्ही उसाच्या चरकाचे भाग केले, पंपांचे केले, हाडं जोडायच्या टायटेनियमच्या पट्ट्याही केल्या. एके दिवशी बेंगळुरूहून चार पोरं आली. पायात चपला, अंगात टी-शर्ट आणि प्रत्येकाच्या कार्डावर ‘चीफ’ असं काहीतरी. कंपनीत माणसं किती, असं विचारलं तर म्हणाले, नऊ. म्हणजे शिपाईही चीफच असणार. ही पोरं उपग्रहाची इंजिनं बनवत होती. रॉकेट उपग्रहाला वर नेऊन सोडतं. पुढे त्याला इकडे तिकडे सरकायचं असेल तर त्याच्या अंगावर मुठीएवढी छोटी इंजिनं असतात. त्या इंजिनात इंधन सोडायचा आणि बंद करायचा एक नळ असतो, आणि त्या नळाचं घर, म्हणजे मुख्य अंग, आम्ही करायचं होतं. गळकी तोटी घरात असेल तर बादली लावता येते, वर बादली लावायला कोणी नसतं. म्हणून माप पाच मायक्रॉनच्या आत हवं. डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून ओळखा.

सगळा कारभार असा होता : इंजिन बेंगळुरूचं, उपग्रह जर्मनीचा, रॉकेट तिसऱ्याच देशाचं, विमा चौथ्या देशाचा आणि नळ उद्यमनगरचा.

नळाचं काम मालकांनी हिंदुराव तात्यांना दिलं. तात्या शिरोळकडचे. लेथवर त्यांच्या तोडीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कातकाम चालू असताना ते मशीनकडे बघायचे नाहीत, आवाज ऐकायचे. त्यांच्या मालाला मी अख्ख्या नोकरीत मोजून दोन लाल चिठ्ठ्या लावल्या असतील. स्वभाव मात्र कातळ. बेंगळुरूची पोरं दर आठवड्याला ड्रॉइंग बदलायची, तेव्हा तात्या म्हणाले, “ह्ये ड्रॉइंग हाय का पंचांग? रोज येगळंच!” एका पोराच्या टी-शर्टवर ‘फेल फास्ट’ लिहिलेलं होतं. तात्यांनी त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, लवकर नापास व्हा. “ह्यात नवीन काय? आमच्या गावात निम्मी पोरं त्येच करत्यात की.”

मग जर्मनीचा पाहुणा आला. त्याला मार्टिन म्हणू. सहा फूट उंच, हातात वही. मालकांनी त्याच्यासाठी मटणाचा बेत केला होता, तर तो मटण खात नव्हता. मग दुधाचा बेत केला, तर तो दूध, दही, तूप काहीच घेत नव्हता. सगळं वर्कशॉप सुतकात गेलं. कोल्हापुरात येऊन म्हशीकडे पाठ फिरवणारा माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. शेवटी त्यानं चार भाकऱ्या आणि मिरचीचा खर्डा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला. तात्यांनी लांबूनच शेरा दिला, “पावणं कडक हाय.”

मार्टिननं आम्हाला दोन दिवस एकच गोष्ट शिकवली. माल चांगला असून भागत नाही, तो कुठून आला ते माहीत पाहिजे. टायटेनियमचा दांडा कारखान्यातून निघतो तेव्हा त्याच्यासोबत कागद येतो. कुठल्या भट्टीत वितळला, कधी वितळला, त्यात काय काय आहे. हा त्या दांड्याचा जन्मदाखला. दांड्यातून बारा नळ निघतील तर त्यांना एक ते बारा नंबर, आणि प्रत्येक नंबराचा कागद त्या दाखल्याला जोडलेला. उरलेलं टोकसुद्धा फेकायचं नाही, पेटीत ठेवायचं आणि रॅकवरच्या दांड्यांसकट सगळं मोजून लांबीचा मेळ घालायचा. आणि बिघडलं तर थांबायचं, सांगायचं. कोणी ओरडणार नाही. हे वाक्य त्यानं तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा तात्या छताकडे बघत होते.

मला मात्र ते सगळं पहिल्याच दिवशी पटलं. आम्ही बौद्ध. माझे वडील कागदाला देवासारखं जपायचे, देव नव्हता म्हणूनही असेल. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, सगळं पत्र्याच्या पेटीत. म्हणायचे, “पोरी, आपलं तोंडी कोण ऐकत न्हाय. कागद दाखीव.” गावात तात्यांसारख्यांचा शब्द चालायचा, वडिलांचा कधी चालला नाही. म्हणून मार्टिन बोलत होता तेव्हा मला वाटलं, हा माणूस जर्मनीचा नसून आमच्याच आळीतला आहे.

बारा नळ झाले. मी प्रत्येक नळ रात्रभर वीस अंशात ठेवून सकाळी मोजला. सगळे पास. सात नंबर तर असा होता की मी दोनदा मोजला, केवळ बघायला बरं वाटतं म्हणून. बाराही कागदांवर सह्या केल्या. उरलेल्या टोकांचा मेळ तेवढा घातला नाही. तात्यांना विचारलं, “टोकं बरोबर आहेत ना?” ते म्हणाले, “हायत की.” आणि मी ‘बरोबर’ लिहिलं. ज्या बाईनं सगळ्या जन्मात कुणाच्या तोंडी शब्दावर एक वॉशर सोडला नाही, तिनं हे केलं. पेटी बेंगळुरूला गेली, इंजिनं जुळली, जर्मनीला पोचली आणि उपग्रहात बसलीसुद्धा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपात काम बंद. मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, प्रत्येक जण आपली हत्यारं पाटावर मांडतो आणि हळदकुंकू वाहतो. माझ्या घरी पूजा नसते, त्यामुळे त्या दिवशी मी वर्कशॉपभर पेढे खात फिरते. ज्याला हात जोडायचे नसतात त्याचे डोळे मोकळे असतात. तात्यांच्या पाटावर व्हर्निअर होतं, पाने होते, वडिलांच्या वेळचा हातोडा होता, आणि हातोड्याच्या शेजारी कुंकवात माखलेला एक नळ होता. टायटेनियमचा. त्यावर नंबर कोरलेला : सात.

उरलेला पेढा मी पाटाच्या कडेला ठेवला. सात नंबर जर्मनीत होता. मग हा कोण?

“तात्या, हे काय?”

“पुजंला हात लावू नका, अक्का.”

“सात दोन कसे?”

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि मला मशीनच्या मागे नेलं. झालं होतं ते असं. शेवटच्या कातकामाला टूल तुटलं आणि सात नंबरच्या आतल्या बसकणीवर, जिथं नळ बंद होतो तिथं, ओरखडा गेला. थांबून सांगायचं सोडून तात्यांनी रविवारी येऊन नवा सात नंबर केला. दांडा संपला होता, म्हणून रॅकवर पडलेला दुसरा घेतला. जुना टाकवेना, म्हणून पुजेला ठेवला.

“खराब माल दिला असता तर माझं चुकलं म्हणा,” तात्या म्हणाले. “मी नवा करून दिला की! तुमीच मोजला. एक मायक्रॉन इकडं न्हाय का तिकडं न्हाय. व्हय का न्हाय?”

“व्हय. पण दांडा कुठला?”

“टायटेनियमच हाय.”

“कुठलं टायटेनियम?”

“दवाखान्याच्या पट्ट्यांतलं उरल्यालं. माणसाच्या हाडात चालतंय, आनि वर चालत न्हाय?”

खोटं कशाला बोलू? चाललंही असतं. दांडा दिसायला तोच होता, कदाचित आतूनही तोच होता. पण त्याचा कागद कधीच हरवला होता, आणि आत एखादी चीर असेल तर ती माझ्या मायक्रोमीटरला दिसत नाही. इंधन गळालं तर उपग्रह वर भोवरा होणार, आणि बिघाड कुठं झाला ते शोधायला कोणी जाऊ शकणार नाही. चार देशांची माणसं एकमेकांकडे बोट दाखवत बसणार. आणि त्या सगळ्यांच्या कागदांत, सात नंबरच्या खाली, माझी सही.

तात्यांचं काय पणाला लागलं होतं तेही मला माहीत होतं. चार महिन्यांनी ते रिटायर होणार होते. गावात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या हातचं काम आभाळात चाललंय. गावानं सत्काराचा बेत केला होता, आणि फ्लेक्सवर तात्यांचा फोटो रॉकेटवर बसवला होता, घोड्यावर बसवावा तसा. ते म्हणाले, “अक्का, तुमी काय बघितलं न्हाय. एवडं ऱ्हाऊ द्या.” चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी तो कुंकवाचा नळ रुमालात गुंडाळला आणि मालकांच्या केबिनकडे निघाले.

मालक बापूसाहेब. त्यांनी सगळं ऐकलं, दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, “अक्का, वर जाऊन कोण बघतंय हो?”

“कोणीच नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर आपल्याला विचारलंय.”

त्यांनी केबिनमध्ये चार येरझाऱ्या घातल्या. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, त्याची माळ सरळ केली, ती सरळच होती. मग माझ्याकडे फोन सरकवला. “करा. पण विंग्रजी तुमी बोला. मला शिव्या फक्त मराठीत येत्यात.”

माझं इंग्रजी आयटीआयचं. मी मार्टिनला सरळ सांगितलं : सात नंबर मोजमापाला चोख आहे, पण त्याच्या दांड्याचा कागद आमच्याकडे नाही. टोकांचा मेळ मी घातला नाही. चूक माझीही आहे. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “उद्या उघडतो. फोन केल्याबद्दल आभार.” एवढंच. तीन वेळा म्हटल्याप्रमाणे तो खरंच ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं वाईट झालं. बसवलेला उपग्रह उघडावा लागला. छोटे उपग्रह वर जातात ते आपल्या वडापच्या जीपसारखे, एका रॉकेटात दहा-वीस जण दाटीवाटीनं. फरक एवढाच की वडाप भरेपर्यंत थांबतं आणि रॉकेट कुणासाठी थांबत नाही. आमच्या उपग्रहाची जागा गेली, पुढच्या फेरीपर्यंत त्याला ताटकळावं लागलं. बेंगळुरूचे चीफ आठवडाभर आमच्याकडे तळ ठोकून होते, तेव्हा कुणाच्या टी-शर्टवर ‘फेल फास्ट’ दिसलं नाही. नव्या दाखल्याच्या दांड्यातून तेरा नंबरचा नळ केला, पण तो दुसऱ्या माणसानं. हिंदुराव तात्यांनी या कामाला हात लावायचा नाही, असं मार्टिनच्या कंपनीनं लेखी कळवलं. ते पत्र त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचलं. ते मशीनचा आवाज ऐकत उभे होते, मशीन बंद होतं.

खराब झालेला सात नंबर पुरावा म्हणून जर्मनीला गेला, कुंकवासकट. त्यांनी त्याची तपासणी करून अहवाल पाठवला : ‘लाल व पिवळी पावडर आढळली. धोका नाही. प्रयोजन समजले नाही.’ एरवी मी यावर महिनाभर हसले असते.

चार महिने तात्या पंपाचे शाफ्ट करत राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. माल दाखवायला स्वतः न येता दुसऱ्याच्या हाती पाठवायचे, आणि माल नेहमीसारखा निर्दोष असायचा. एकदा मला वाटलं, एक तरी चूक कर बाबा, म्हणजे बोलायला निमित्त होईल. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, माझ्यासमोर येऊन मापाच्या खोलीच्या दाराला केला. गावातला सत्कारही त्यांनी स्वतःच रद्द केला. मी बरोबर वागले, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचा त्या वर्षी मला काडीचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या वर्षी मीही निवृत्त झाले. शाल-श्रीफळाऐवजी मी माझा जुना मायक्रोमीटर मागून घेतला. उपग्रह वर गेला तो त्यानंतर. सगळं वर्कशॉप एका मोबाइलभोवती जमलं होतं, मला मुद्दाम बोलावलं होतं. धूर झाला, उजेड झाला, चीफ पोरं तिकडे एकमेकांच्या गळ्यात पडली. बाराही इंजिनं चालली, असा मार्टिनचा निरोप आला. त्यातले अकरा नळ तात्यांचे. तात्या तिथं नव्हते.

परवा, अकराच्या सुमाराला, दारात तात्या उभे. हातात पेरूची पिशवी. “बसा” म्हणायच्या आधीच बसले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून नळ. नवा सात नंबर, दवाखान्याच्या दांड्याचा, त्याला माझ्याच पद्धतीची लाल चिठ्ठी, पण जर्मन अक्षरात. मार्टिननं तो वाया घालवला नव्हता. इंजिनाला लावून जमिनीवर महिनोन्महिने चालवून बघितला होता, आणि तो शेवटपर्यंत गळला नाही. बरोबरच्या पत्रात लिहिलं होतं : लॉटमधला सर्वांत चांगला नळ, तरीही नामंजूर. मालकांनी दोन्ही तात्यांना दिलं होतं.

“बघा,” तात्या म्हणाले.

“बघितलं.”

“मग? चाललं असतं का न्हाय?”

“चाललं असतं, तात्या.”

मला वाटलं आता भांडण होणार. तात्यांनी दुसऱ्या खिशातून वहीचं एक पान काढलं, चार घड्यांचं, आणि माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : ‘सात नंबर. पहिला माझ्या हातनं बिघडला. दुसरा मी रविवारी केला. दांडा रॅकवरला, कागद न्हाय. कुणाला सांगितलं न्हाय. करणार : हिंदुराव.’ खाली त्यांनी रेघ मारून ठेवली होती आणि रेघेवर लिहिलं होतं, ‘तपासणार’. पुढची जागा कोरी.

“त्या वक्ताला एवडंच लिवायचं हुतं,” ते म्हणाले. “चार वळी. हात उचलला न्हाय.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, तात्या खिडकीबाहेर बघत बसले. मग मी मायक्रोमीटर काढला, नळ स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला, नीट पुसला आणि मोजला. वीस अंश नव्हते, पण मोजला. सही केली, तारीख घातली. खाली शेरा लिहिला : ‘माल चोख. कागद वरातीमागून आला.’

तात्यांनी पान हातभर लांब धरून वाचलं. दोनदा वाचलं.

“वरातीचं लिवायची काय गरज हुती?”

“होती.”

“रिजेक्ट अक्काच तुमी,” असं म्हणून त्यांनी कागद घडी घालून नळाबरोबर रुमालात बांधला, रुमाल छातीशी धरला आणि म्हणाले, “चहा टाका की आता. साखर जरा जास्त घाला.”